फेब्रुवारीतलं आमदारबाईंचं ईमेल : कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि बेघरांचा प्रश्न एकत्र का?

वेणू_रेडमंड

मंडळी, प्रश्न थोडा आमच्या गावापुरता आहे. पण इथे अमेरिकेतले आणि देशातले दोन्हीकडचे लोक आहेत, म्हणून टाकतेय.

आम्ही सिअ‍ॅटलच्या पूर्वेला, तळ्यापलीकडे राहतो. वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारीत सुरू होतं (सम वर्षी ६० दिवस, विषम वर्षी १०५) आणि ते चालू असेपर्यंत आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीबाईंची ईमेलं येत राहतात. देशातल्यांसाठी सांगते: राज्यात ४९ मतदारसंघ, प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी. म्हणजे आपल्या आमदारच समजा. एरवी मी त्यांचं ईमेल न वाचता उडवते. या वेळी उघडलं.

वरचा अर्धा भाग अमेरिकेत फेब्रुवारीत पाळतात त्या कृष्णवर्णीय इतिहास महिन्याचा. सेंट्रल डिस्ट्रिक्ट या सिअ‍ॅटलमधल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीबद्दल चार ओळी, लिबर्टी बँकेच्या जुन्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीचा फोटो. मग एक आडवी रेघ. खालचा भाग बेघरांचा: निवाऱ्यांसाठी किती पैसे मागितलेत, कुठली विधेयकं समितीत अडकलीत, घर सुटायची वेळ आली तर २११ या मदत क्रमांकावर फोन करा. शेवटी शनिवारच्या टाउन हॉलचं, म्हणजे मतदारसंघातल्या लोकांबरोबरच्या सभेचं, आमंत्रण.

नवरा म्हणाला, "फेब्रुवारी आहे, म्हणून एक परिच्छेद त्यांचा. थंडी आहे, म्हणून एक यांचा. जागा भरायची असते गं." मला ते पटलं नाही. त्या रेघेच्या वर आणि खाली जे आहे त्याचा एकमेकांशी संबंध आहे का? असेल तर बाईंनी तो सांगितला का नाही? आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत बसलेल्या, मत नसलेल्या आमच्यासारख्यांनी अशा पत्राचं करायचं काय?

फोडणीचा_भात

पहिला! खुर्ची टाकून बसलोय. चहा आणा कुणीतरी.

घाटपांड्या

आपले आमदार वाढदिवसाचे फ्लेक्स लावतात, तुमचे ईमेल पाठवतात. फ्लेक्स निदान पावसाळ्यात गळक्या छपरावर टाकायला कामी येतो.

हळदकुंकू_सिअ‍ॅटल

घाटपांड्या, हसून हसून पुरेवाट!

वेणू, मलाही आलंय तेच. आमचा मतदारसंघ एकच दिसतोय. भेटू या.

रेनियरकर

वेणूताई, संबंध आहे. बाईंनी तो लिहिला नाही, कारण ईमेल लांबलं की लोक ते उडवतात, हे तुम्हीच वर सांगितलंत. मी लिहितो. लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

१९४० साली सिअ‍ॅटलमध्ये कृष्णवर्णीय होते ३,७८९. १९५० साली १५,६६६. मधे महायुद्ध झालं, विमानांच्या कारखान्याला आणि गोद्यांना माणसं हवी होती. दक्षिणेतून कुटुंबंच्या कुटुंबं आली. नोकरी मिळाली, पण घर कुठे घेणार? शहराच्या मोठ्या भागात त्यांना घर विकायलाच बंदी होती. ही बंदी सरकारी कायद्यात नव्हती, खरेदीखतात होती.

आम्ही उत्तर सिअ‍ॅटलमध्ये घर घेतलं तेव्हा मालकीहक्काचे कागद तपासणाऱ्या टायटल कंपनीनं कागदांचं जाड पुडकं हातात दिलं. लोक न वाचता सह्या करतात, मला वाचायची खोड. कुंपणाची उंची आणि कोंबड्या पाळायला मनाई या दोन कलमांच्या मधोमध एक कलम होतं: या जागेत गोऱ्या वंशाखेरीज कुणी राहू नये, घरगडी असेल तर चालेल. जुन्या टाइपरायटरची अक्षरं, शाईनं पोटं भरलेली. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "मग आपल्यातलं घरगडी कोण?"

ही कलमं मुख्यतः १९२० ते १९४० च्या दशकांतली. विल्यम बोइंग यांनी शहराच्या उत्तरेला प्लॉट पाडले, त्यांच्यावरही ती होती. कृष्णवर्णीयांबरोबर कुठे 'आशियाई', कुठे ज्यूही त्यात घातलेले. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की न्यायालयांनी अशी कलमं अमलात आणायची नाहीत. पण दलाल होते, बँका होत्या. बँकांच्या नकाशात सेंट्रल डिस्ट्रिक्टवर लाल रंग, म्हणजे तिथे कर्ज नाही. १९६४ मध्ये घरविक्रीतला भेदभाव बंद करायचा ठराव सिअ‍ॅटलच्या मतदारांपुढे आला, तो दुपटीहून जास्त मतांनी पडला. हो, याच पुरोगामी सिअ‍ॅटलमध्ये! १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आणि त्याच महिन्यात नगर परिषदेनं कायदा केला. त्याच वर्षी लिबर्टी बँक निघाली, कारण दुसरं कुणी कर्ज देत नव्हतं. वायव्य अमेरिकेतली कृष्णवर्णीयांच्या मालकीची ती पहिली बँक. १९८८ ला बंद पडली. फोटोतली इमारत तिच्याच जागेवर २०१९ ला उघडली, ११५ घरांची, परवडणाऱ्या भाड्याची.

आता रेघेखालच्या भागाकडे. इथल्या सामान्य कुटुंबाची सगळी शिल्लक घरात असते. ज्यांना १९५० मध्ये सिअ‍ॅटलच्या बॅलार्ड भागात घर घेता आलं, त्यांच्या नातवांना कॉलेजची फी, धंद्याचं भांडवल, आजारपणाचा खर्च त्या घरातून निघाला. ज्यांना घेऊ दिलं नाही त्यांच्या नातवांकडे काय आहे? आणि ज्यांनी सेंट्रल डिस्ट्रिक्टमध्ये कसंबसं घेतलं, त्यांच्या अंगणात पुढे आपले संगणकवाले उतरले. मालमत्ता कर चढला, घरं विकून लोक शहराच्या दक्षिणेला रेंटन, केंट, टकोमाकडे सरकले. १९७० च्या आसपास त्या भागात दर दहात सातहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते, आता दोनही नाहीत.

घर गेलं की भाडं. भाडं झेपेना की मावशीकडचा सोफा. मावशीलाही घर नसेल तर गाडी, आणि गाडी टो झाली की तंबू. २०२४ च्या जानेवारीतल्या एका रात्रीच्या सरकारी मोजणीत अमेरिकाभरात ७,७१,४८० बेघर सापडले. त्यात कृष्णवर्णीय ३२ टक्के. लोकसंख्येत ते १२ टक्के आहेत.

कोकणी_मेवा

रेनियरकर, वाचनखूण साठवली. त्या कलमाचं पुढे काय केलंत? अजून कागदावर आहे?

रेनियरकर

@कोकणी_मेवा, ते रद्दबातल असल्याचा कागद काउंटीत (म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत) नोंदवता येतो, फुकट. आम्ही नोंदवला. बायकोनं मूळ पानाची प्रत काढून ठेवलीय. मुलं घरकाम टाळायला लागली की ती दाखवते.

दोनखणी

सगळं खरं असेल. पण किती वर्षं हे सांगत राहणार? १९६८ ला कायदा झाला, पन्नास वर्षं उलटून गेली. आम्ही दोन बॅगा आणि कर्जाचा हप्ता घेऊन आलो होतो. आम्हाला कुणी डाउन पेमेंट दिलं नाही.

आणि ईमेलाचा खालचा अर्धा भाग मला चांगला कळतो, कारण त्याचं बिल मला येतं. माझी दोन टाउनहाउस भाड्यानं आहेत. २०२५ पासून राज्यानं भाडेवाढीला मर्यादा घातली: महागाई अधिक ७ टक्के किंवा १० टक्के, जे कमी असेल ते. विम्याच्या हप्त्याला मर्यादा घातली का? छप्पर बदलणाऱ्याला घातली का? घराचे कागद नोंदवताना १०० डॉलर जादा घेतात, तेही याच इतिहासापायी. मी कुणाला घर नाकारलेलं नाही. सिअ‍ॅटलमध्ये थर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जाऊन बघा, तिथे इतिहास नाही, फेंटानिल हे मादक औषध आहे.

अनिकेत_डी

दोनखणींना पूर्ण अनुमोदन. केनमोर गावानं नाकारलेली बेघरांची इमारत २०२४ मध्ये रेडमंडनं उचलून आणली, तेव्हा मी विरोधाच्या अर्जावर सही केली होती. आजही करीन. रागानं नाही, पण आधी लोकांना विचारा ना! कौन्सिलच्या बैठकीत माणशी दोन-तीन मिनिटं द्यायची आणि मग आधीच ठरलेलं मत टाकायचं, हे काय?

परिचारिका_मी

दोनखणी, मी आपत्कालीन विभागात काम करते, फेंटानिल रोज बघते. म्हणून विचारते: अतिसेवनानं होणाऱ्या मृत्यूंच्या दरात देशात सगळ्यात वर वेस्ट व्हर्जिनियाचं नाव येत आलंय. मग तिथे आपल्याइतके बेघर का नाहीत? कारण तिथे व्यसनी माणसालाही खोलीचं भाडं परवडतं. इथे दोन नोकऱ्या करणाऱ्याला परवडत नाही.

व्यसनामुळे घर जातं हे होतं, नाही असं नाही. पण उलटंही मी खूप पाहते. रात्री झोपलं की बूट चोरीला जातात, म्हणून जागं राहायला काहीतरी घेतात. पायाची जखम असलेला माणूस आला की आम्ही पट्टी बांधून सांगतो, पाय कोरडा ठेवा, वर उचलून ठेवा, औषध फ्रीजमध्ये ठेवा. नोव्हेंबरात, सिअ‍ॅटलच्या पावसात! तोच माणूस काही दिवसांनी परत येतो, तेव्हा बोट कापावं लागतं. त्या एका शस्त्रक्रियेच्या खर्चात त्याचं किती महिन्यांचं भाडं निघालं असतं, हा हिशोब तुमच्यासारख्या घरमालकानं मांडावा. आरोग्यविम्याचा हप्ता त्यामुळेही चढतो.

फोडणीचा_भात

चहा गार झाला. हा धागा मी समजलो होतो तसा नाही.

गिरगावकर_अजूनही

मुंबईहून विचारतो. आमच्याकडे फुटपाथवरच्यांचा खटला झाला होता, ओल्गा टेलिस. १९८१ च्या पावसाळ्यात अंतुले मुख्यमंत्री असताना फुटपाथवरच्या लोकांना बसमध्ये घालून शहराबाहेर सोडायचं ठरलं, त्यावरून. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, पोटापाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. आता पुढची गंमत बघा. एवढं म्हणून झाल्यावर फुटपाथवर राहायचा हक्क काही दिला नाही. नोटीस देऊन उठवता येईल, फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबा म्हणाले.

तुमच्याकडे कोर्टानं काय म्हटलंय?

परिचारिका_मी

@गिरगावकर, आमच्याकडे पावसाळ्याचीही सवलत नाही. जून २०२४, ग्रँट्स पास हे ओरेगनमधलं छोटं गाव. बाहेर पांघरूण घेऊन झोपलं तर २९५ डॉलर दंड. सुप्रीम कोर्ट ६ विरुद्ध ३ मतांनी म्हणालं, असा दंड घटनाबाह्य नाही. त्याआधी इथल्या पश्चिमेकडच्या राज्यांत निवाऱ्यात जागा नसेल तर बाहेर झोपल्याबद्दल शिक्षा करता येत नव्हती.

घाटपांड्या

ज्याच्याकडे २९५ डॉलर आहेत तो मोटेलात नाही का जाणार?

अनिकेत_डी

दंड वसूल करायला नसतो हो, उठवायला असतो. आणि पार्कमध्ये मुलांना खेळायला जागा नको का? तेही बोला.

सातारची_कन्या

अवांतर: सिअ‍ॅटलच्या राजकारणाची गोष्ट निघाली आणि अजून क्षमा सावंत यांचं नाव नाही? पुण्यात जन्म, मुंबईत वाढल्या, सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेत दहा वर्षं. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच ठरावानं सिअ‍ॅटलमध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी आली. असं करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर. तोही फेब्रुवारीच होता बरं का.

अनिकेत_डी

झालं. आता इथे जात आणा. सिअ‍ॅटलमध्ये कुणाची जात कोण विचारतंय?

सातारची_कन्या

@अनिकेत_डी, आडनाव सांगितल्यावर "म्हणजे मूळचे कुठले?" असा दुसरा प्रश्न तुम्हाला येत नसेल. मला मंडळाच्या गणपतीत येतो, मोदकाचं ताट हातात असताना.

शून्य_बेरीज

विचारला तर बिघडलं काय? गावाचं नाव विचारणं म्हणजे भेदभाव? (पुढची तीन वाक्यं संपादित)

संपादक

शून्य_बेरीज, हा पहिला इशारा. जातिविषयक ठरावावर पूर्वी एक धागा झालेला आहे, तिथे जा. इथे वेणू_रेडमंड यांनी विचारलेल्या प्रश्नावर लिहावे.

जुनी_पाने

संपादकांचा मान राखून, पण हे विषयातच बसतं असं मला वाटतं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. अमेरिकेत गुलामगिरी बंद होऊन तेव्हा आठ वर्षंही झाली नव्हती. पुण्यात बसून त्यांना कळलं होतं की तिकडच्या आणि इकडच्या गोष्टीचा संबंध काय. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं, निग्रोंच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज जाणार आहे त्याची प्रत मिळेल का, म्हणून. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेकडे बघून. त्या ब्लॅक पँथरांची सिअ‍ॅटलची शाखा १९६८ ची, कॅलिफोर्नियाबाहेरच्या पहिल्या काही शाखांतली, आणि तीही याच सेंट्रल डिस्ट्रिक्टमधली. मुलांना फुकट न्याहारी आणि फुकट दवाखाना ही त्यांची कामं.

फुल्यांच्या भाषेत लिहिणाऱ्या लोकांनी "आमचा काय संबंध" असं म्हणावं, हे मला जरा विचित्र वाटतं. दोनखणी, तुम्हाला उद्देशून नाही. (थोडं आहे.)

दोनखणी

थोडं आहे ते पोचलं. :) फुल्यांनी कंत्राटदारीही केली, इमारतींना सामान पुरवलं. हिशोब त्यांनाही कळत होता. मी हिशोबाबद्दलच बोलतोय.

हळदकुंकू_सिअ‍ॅटल

वातावरण तापलंय, म्हणून एक गंमत. मुलीच्या शाळेतल्या प्रकल्पामुळे कळली. वॉशिंग्टन राज्याच्या सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांत एक होते जॉर्ज बुश आणि एक जॉर्ज वॉशिंग्टन. दोघेही कृष्णवर्णीय!

बुश १८४५ मध्ये आजच्या टमवॉटरजवळ आले, कारण ओरेगननं कृष्णवर्णीयांना राहायला मनाई केली होती. म्हणजे हे राज्य होण्याच्या कितीतरी आधीच एक माणूस "इथे राहायचं नाही" ऐकून इकडे आलेला. त्यांच्या जमिनीचा हक्क टिकवायला १८५५ मध्ये अमेरिकी काँग्रेसला खास कायदा करावा लागला. मुलगा विल्यम ओवेन बुश १८८९ च्या पहिल्या विधानसभेत निवडून आला, आणि आजचं वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ ज्या कायद्यातून निघालं ते विधेयक त्यानं मांडलं. दुसऱ्या जॉर्जनं सेंट्रेलिया गाव वसवलं. १८९३ च्या मंदीत लोकांची घरं जायला लागली, तेव्हा त्यानं पोर्टलंडहून धान्य आणून वाटलं.

घाटपांड्या

जॉर्ज बुशनं अमेरिकेत चांगलं काम केलं हे वाचून खुर्चीवरून पडलो.

रेनियरकर

हळदकुंकू, मस्त. त्यात भर: आपल्या किंग काउंटीला नाव दिलं होतं विल्यम रुफस किंग यांचं, १८५२ मध्ये. ते गुलाम बाळगणारे मळेवाले. १९८६ मध्ये काउंटीनं ठरवलं की यापुढे हे नाव मार्टिन ल्यूथर किंग यांचं समजायचं. राज्यानं २००५ मध्ये ते पक्कं केलं. नावाचं एक अक्षरही बदलायला नको! कुठल्या सरकारनं एवढं स्वस्तात काम केलंय?

@दोनखणी, तुमच्या १०० डॉलरबद्दल. तो पैसा २०२३ च्या कायद्यानं घेतात आणि त्यातून पहिलं घर घेणाऱ्यांना डाउन पेमेंटसाठी कर्ज देतात. अट अशी की तुम्ही किंवा तुमचे आईवडील, आजीआजोबा, पणजी-पणजोबा एप्रिल १९६८ च्या आधी वॉशिंग्टनमध्ये राहत असले पाहिजेत आणि ज्यांना घरं नाकारली त्या समूहांतले असले पाहिजेत. त्या यादीत कृष्णवर्णीय आहेत, हिस्पॅनिक आहेत, मूळनिवासी आहेत, कोरियन आहेत. आणि भारतीय आहेत. यादी बघा.

दोनखणी

भारतीय? खरंच?

रेनियरकर

खरंच. १९०७ मध्ये बेलिंगहॅमच्या लाकडाच्या गिरण्यांतून आपल्याकडच्या, बहुतेक पंजाबी, मजुरांना जमावानं एका रात्रीत मारहाण करून हाकललं होतं. १९२१ च्या राज्याच्या कायद्यानं आशियाई लोकांना जमीन घ्यायला बंदी केली, तो १९६६ पर्यंत पुस्तकात होता. "आम्हाला कुणी डाउन पेमेंट दिलं नाही" हे बरोबर. पण आपण आलोच कशामुळे? १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, आणि तो ज्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेत मंजूर झाला ती चळवळ कृष्णवर्णीयांची. त्यांनी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या तेव्हा आपले व्हिसा निघाले. मला तरी हा हिशोब शंभर डॉलरांत फिटलेला दिसत नाही.

अनिकेत_डी

भावनिक होताय. १९६५ चा कायदा व्हायला शीतयुद्धही कारण होतं, तंत्रज्ञ हवे होते. श्रेय वाटताना सगळ्यांना वाटा.

शाळामदतनीस

मी सहसा वाचनमात्र असते. आज राहवत नाही.

तळ्याच्या आमच्या बाजूच्या एका शाळेत मी मदतनीस आहे. जिथली घरं बघायला तुम्ही रविवारी जाता तसला भाग. एका मुलासाठी रोज सकाळी शाळा-जिल्ह्याची (स्कूल डिस्ट्रिक्टची) टॅक्सी येते. आई आणि तो आधी इथेच राहायचे, भाडं वाढलं, मग नात्यात, मग मोटेल, आता एका चर्चच्या पार्किंगमध्ये गाडीत, तिथे फक्त बायका-मुलांना रात्री थांबू देतात. १९८७ चा एक केंद्रीय कायदा आहे: मूल बेघर झालं तरी त्याची शाळा सुटता कामा नये, पोचवायची जबाबदारी जिल्ह्याची. म्हणून टॅक्सी.

शुक्रवारी शनिवार-रविवारचं खाणं त्याच्या दप्तरात घालायचं काम माझ्याकडे आहे. पीनट बटर, ट्यूनाचा डबा, इन्स्टंट ओट्स, दोन सफरचंदं. सगळी मुलं मैदानावर गेली की मी घालते, म्हणजे कुणाला दिसू नये. प्लॅस्टिकची पिशवी वाजते म्हणून कापडी घेते. एकदा त्यानं मला हळूच सांगितलं, ट्यूना नको, गाडीत वास राहतो. तेव्हापासून चण्याचा डबा.

तो कृष्णवर्णीय आहे हे सांगायला हवं का? धाग्याचा विषय बघता हवं. वर्गात तसा तो एकटाच आहे, आणि टॅक्सीही त्याच्या एकट्यासाठीच येते. मोठा इतिहास मला येत नाही.

परिचारिका_मी

शाळामदतनीस, लिहीत जा हो.

कोकणी_मेवा

+१

दोनखणी

शाळामदतनीस, त्या पिशव्यांचा खर्च शाळा करते की लोक? मला व्यक्तिगत निरोप पाठवा. याचा वरच्या वादाशी संबंध नाही, भाडेमर्यादेबद्दलचं माझं मत तेच आहे.

शाळामदतनीस

लोक करतात. पाठवते निरोप.

वेणू_रेडमंड

सगळ्यांचे आभार, अनिकेत_डींचेही. नवऱ्याला रेनियरकरांचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, "हे बाईंनी लिहायला हवं होतं." म्हणजे संबंध आहे हे घरात तरी मान्य झालं.

माझा तिसरा प्रश्न मात्र तसाच राहिला. मत नसलेल्यांनी काय करायचं?

हळदकुंकू_सिअ‍ॅटल

वेणू, बरंच करता येतं, मी दोन अधिवेशनं करतेय. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकायचा, समितीची सुनावणी कधी आहे ते बघायचं, आणि सुनावणीच्या आधी 'बाजूनं', 'विरोधात' किंवा 'इतर' यातलं एक निवडून नाव नोंदवायचं. नागरिकत्व विचारत नाहीत. दोन मिनिटांचं काम, भाजी शिजेपर्यंत होतं. बोलायचं असेल तर घरबसल्या व्हिडिओवर साक्षही देता येते, फक्त वेळ एक-दीड मिनिटाचा मिळतो, तेव्हा "मी अमुक साली आले" पासून सुरुवात करू नका.

आणि ईमेलाला उत्तर द्या. उत्तरं त्यांचे सहायक वाचतात, मोजतात, कुठल्या विषयावर किती आली ते बाईंपुढे ठेवतात. त्यात आपल्या आडनावांची भर पडू दे.

अनिकेत_डी

विरोधातही नोंदवता येतं ना?

हळदकुंकू_सिअ‍ॅटल

येतं की. बटणं शेजारीशेजारीच आहेत, घाईत चुकीचं दाबू नका. :)

जुनी_पाने

वेणूताई, बाईंना लिहाल तेव्हा एक सुचवा. आजच्या या महिन्याचं मूळ असलेला 'निग्रो इतिहास आठवडा' कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये सुरू केला, त्याला २०२६ मध्ये १०० वर्षं झाली. शिक्षकांनी वर्षभर शिकवलेलं त्या आठवड्यात लोकांपुढे मांडावं, अशी त्यांची कल्पना होती. तेव्हा मार्चच्या ईमेलात बेघरांचा भाग असेलच, त्यात सेंट्रल डिस्ट्रिक्टबद्दलही दोन ओळी येऊ देत.

वेणू_रेडमंड

लिहिलं. थोडक्यात लिहिलं, जुनी_पाने यांचं वाक्यही घातलं. शाळेतल्या टॅक्सीबद्दलही विचारलंय, कुणाचंही नाव न घेता: राज्य त्यासाठी जिल्ह्यांना पुरेसे पैसे देतं का? शनिवारी टाउन हॉलला जातेय. आणखी कोण?

हळदकुंकू_सिअ‍ॅटल

मी. माझ्या गाडीत तीन जागा आहेत.

रेनियरकर

आमचा मतदारसंघ वेगळा. तुमच्याकडून वृत्तांत हवा.

दोनखणी

मी येतोय. भाडेमर्यादा आणली तशी विम्याच्या हप्त्याबद्दल काय करणार, हा माझा प्रश्न. विम्याच्या नूतनीकरणाचा कागद बरोबर आणतो, तोंडी आकडे सांगितले की मान हलवून पुढे जातात.

अनिकेत_डी

मग मीही येतो. दोनखणी एकटे पडायला नकोत.

हळदकुंकू_सिअ‍ॅटल

बसा दोघेही मागे. वाटेत वाद घालायचा नाही, तळ्यावरच्या ५२० च्या पुलाचा टोल मी भरणार आहे. साडेनऊला निघू.